पाचदा ‘काब्र?’ (म्हणजे ‘का?’) : कामाची रीत सुधारायला सुरुवात कशी करावी

जळगावच्या एमआयडीसीत एका डाळमिलमध्ये मी सुपरवायझर म्हणून लागलो, तेव्हा पहिल्याच महिन्यात एका पोराची दिवसाची हजेरी कापली. तो कट्टे भरायच्या मशीनवर होता. तूरडाळीचे ३० किलोचे कट्टे. एका व्यापाऱ्याचा शेठला फोन आला होता की कट्टे कमी-जास्त भरतात. मी काट्यावर दहा कट्टे टाकून पाहिले. कुठे ३० किलो ६० ग्रॅम, कुठे २९ किलो ९३० ग्रॅम. पोरगा लक्ष देत नाही, असा निकाल दिला आणि मोकळा झालो.

पोरगा खरं तर नको तितकं लक्ष देत होता. हे मला दोन महिन्यांनी कळलं, तेही तेलाचा रिकामा डबा उलटा टाकून त्याच्या शेजारी दीड तास बसलो तेव्हा. कट्टा ४० ग्रॅम कमी भरला की तो लगेच मशीनची मूठ थोडी फिरवायचा. पुढचा जास्त भरला की उलटी फिरवायचा. दर कट्ट्याला एकदा. मशीन मुळातच थोडं इकडेतिकडे होणारं. त्यात मागच्या कट्ट्याची चूक हा पुढच्यात घालत होता. त्याला म्हटलं, आता पंचवीस कट्टे मुठीला हातच लावू नको. फरक डोळ्यांना दिसेल इतका कमी झाला.

हजेरी परत दिली. पण तो विषय मनातून गेला नाही, कारण चूक माणसाची नव्हती, रीतीची होती, आणि मी दंड माणसाला केला होता.

डाळमिल, जिनिंग, पाइपचा कारखाना, केळीचं पॅकहाउस, पतसंस्था, दूध संकलन केंद्र, कुठेही तुम्ही नव्याने चार माणसांचे प्रमुख झाला असाल, तर हे तुमच्यासाठी. मोठ्या कंपन्यांत यासाठी वेगळा विभाग असतो. आपल्याकडे सुपरवायझरच सगळं असतो, म्हणून मी पगारी सल्लागाराशिवाय जमेल तेवढंच सांगतो आहे.

शब्द कुठून आले

इतिहास थोडक्यात सांगतो, कारण प्रशिक्षणाला गेलात की ही नावं अंगावर येतात. वॉल्टर शूहार्ट या अमेरिकन अभियंत्याने १९२४ मध्ये टेलिफोनचं सामान बनवणाऱ्या कारखान्यासाठी एक साधा आलेख काढला. मालातला रोजचा, ठरलेला चढउतार कोणता आणि खरंच काहीतरी बिघडलंय तो कोणता, हे त्यावरून ओळखता येऊ लागलं. त्यांचाच विचार पुढे नेणारे डब्ल्यू. एडवर्ड्स डेमिंग १९५० मध्ये जपानला व्याख्यानं द्यायला गेले. युद्धात उद्ध्वस्त झालेल्या त्या देशातल्या कारखानदारांनी ते इतकं मनावर घेतलं की पुढच्याच वर्षी डेमिंग यांच्या नावाने पुरस्कार सुरू झाला. टोयोटामध्ये ताइची ओनो यांनी वाया जाणाऱ्या गोष्टींची सात प्रकारांत यादी केली: गरजेपेक्षा जास्त बनवणं, थांबून राहणं, मालाची उगाच वाहतूक, नको ती प्रक्रिया, साठा, माणसाची उगाच हालचाल आणि खराब माल. ‘कायझेन’ हा जपानी शब्द म्हणजे बदल आणि तो चांगल्यासाठी, एवढाच.

भारतात क्वालिटी सर्कल, म्हणजे कामगारांनीच एकत्र बसून स्वतःच्या कामातली अडचण सोडवायची पद्धत, १९८० मध्ये हैदराबादच्या भेल कारखान्यात सुरू झाली. १९९८ मध्ये सुंदरम-क्लेटनच्या ब्रेक विभागाला डेमिंग पुरस्कार मिळाला. तो मिळवणारी ती पहिली भारतीय कंपनी. म्हणजे ‘हे जपान्यांनाच जमतं’ ही सबब जुनी झाली.

या सगळ्याचा गाभा चार पावलांचा: ठरवा, थोडं करून पाहा, तपासा, पक्कं करा. मग पुन्हा पहिल्यापासून. पोस्टरवर हे गोल चक्र काढलेलं असतं. चक्र सोपं आहे. अवघड आहे ते त्याच्या आधीचं, म्हणजे नेमकं काय चाललंय हे पाहणं. म्हणून माझा बराच वेळ तिथेच जाणार आहे.

पहिलं: एकच काम धरा, आणि त्याची दोन टोकं ठरवा

नवा सुपरवायझर वहीत पंधरा अडचणी लिहितो आणि सोमवारपासून पंधराही सोडवायला घेतो. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, येईस्तोवर वही हरवलेली असते.

एकच काम घ्या. रोज होणारं घ्या. महिन्यातून एकदा होणाऱ्या कामात शिकायला वर्ष लागतं. आणि त्याची सुरुवात-शेवट बोटाने दाखवता आला पाहिजे. ‘डिस्पॅच सुधारायचं’ हे काम नव्हे. ‘रिकामी गाडी गेटवर आल्यापासून भरून गेटबाहेर पडेपर्यंत’ हे काम.

कोणतं निवडायचं कळत नसेल तर महिनाभराच्या तक्रारी एका कागदावर काढा आणि प्रकारानुसार रेघा मारा. चार उभ्या, पाचवी आडवी, आपण क्रिकेटचा स्कोअर लिहायचो तशा. बहुतेक वेळा दोन-तीन प्रकारांतच निम्म्याहून जास्त रेघा जमतात. याला पॅरेटोचा नियम म्हणतात. दर्जाच्या कामात तो आणला जोसेफ जुरान यांनी. पण एक खबरदारी घ्या. ज्याची तक्रार सगळ्यात मोठ्या आवाजात होते, ते काम रेघांत पहिलं येईलच असं नाही. आमच्याकडे शेठ ओरडायचे भुशावर, आणि रेघा सगळ्या गाड्यांच्या उशिराच्या.

दुसरं: जागेवर उभे राहा आणि घड्याळ लावा

आता ती गाडी. आमच्या मिलमध्ये सगळ्यांचं एकमत होतं की हमाल सावकाश भरतात म्हणून गाड्यांना उशीर होतो. शेठनी पट्ट्याच्या कन्व्हेयरचं कोटेशनसुद्धा मागवलं होतं. मी एक दिवस एका गाडीच्या मागे वही घेऊन फिरलो. माल १५ टन, म्हणजे ३० किलोचे ५०० कट्टे. वहीत हे लिहिलं गेलं:

१०.०५ गाडी गेटवर
१०.२० रिकाम्या गाडीचं वजन
१२.१० पहिला कट्टा चढला
१.३५ शेवटचा कट्टा
१.५० भरल्या गाडीचं वजन
३.१० बिल आणि बिल्टी हातात
३.२५ ताडपत्री बांधून गेटबाहेर

एकूण ३२० मिनिटं. त्यात कट्टे चढवायला लागली ८५. पहिल्या वजनानंतर गाडी नुसती उभी राहिली ११० मिनिटं, आणि दुसऱ्या वजनानंतर बिलासाठी ८०. म्हणजे १९० मिनिटं फक्त थांबणं. कन्व्हेयर आणला असता आणि भरायचा वेळ अगदी निम्मा केला असता, तरी गाडी तीन पंचवीसऐवजी पावणेतीनच्या आसपास सुटली असती. तेवढ्यासाठी लाखांचा खर्च.

हमालांचा मुकादम अमळनेरकडचा. मी वेळ लिहितोय हे पाहून म्हणाला, “भाऊ, आम्ही दोन तास फाईन बठेल शेतस, आनि शेठ म्हनस हमाल ढिला शेतस.”

म्हणजे दोन तास ते नुसते बसून होते, आणि शेठच्या लेखी ढिले हमालच. त्याच्या बोलण्यात अख्खा प्रश्न होता. हमाली कट्ट्यावर मिळते. बसून राहिलेल्या दोन तासांचे पैसे त्यांना मिळत नव्हते, आणि शेठलाही ते द्यावे लागत नव्हते. ड्रायव्हरचंही तसंच, त्याचा दिवस मोडला तर गाडीमालक बघेल. ज्या वेळेचे पैसे कोणी देत नाही, ती कुठल्याच खात्यात लिहिली जात नाही. म्हणून ती कोणाला दिसत नव्हती. तुम्ही घड्याळ लावाल तेव्हा आधी अशीच वेळ शोधा. पगारी माणसाचा अर्धा तास सगळ्यांना दिसतो.

जागेवर उभं राहण्याचे काही नियम मी चुका करून शिकलो. आधी सांगा की मी कामाचा वेळ लिहितोय, माणसाचा नाही. आणि वहीत कोणाचंही नाव लिहू नका, ते वही बघतातच. एक गाडी पुरत नाही. निदान दहा लिहा, आणि त्यात बाजाराच्या दिवसाची एक, शनिवारची एक असू द्या. कागदावर लिहिलेली पद्धत बघायला जाऊ नका, घडतंय ते बघा. मध्ये बोलू नका. हे सगळ्यात अवघड. कोणी चुकीचं करताना दिसला की जीभ सळसळते, पण तुम्ही बोललात की पुढची गाडी ते तुम्हाला दाखवण्यासाठी भरतील.

रावेरकडच्या एका केळीच्या पॅकहाउसमध्ये असंच उभं राहून एका मित्राला सापडलेली गोष्ट सांगतो. फण्यांवर चिकाचे काळे डाग पडत होते आणि सगळा राग धुणाऱ्या बायांवर निघत होता. घडापासून फणी कापली की चीक वाहायला लागतो. ती लगेच पाण्यात गेली तर डाग धरत नाही. तिथे कापणारे दोघे भराभर कापून फण्यांचा ढीग लावत होते, कारण त्यांना नगावर पैसे होते, आणि ढीग टाकीपर्यंत जाईस्तोवर चीक वाळत होता. टाकी पाच पावलं अलीकडे सरकवली आणि टाकीत जागा असेल तेवढंच कापायचं ठरवलं. धुणाऱ्या बायांना काही नवीन शिकवावं लागलं नाही.

तिसरं: काब्र? काब्र? काब्र?

टोयोटामध्ये ‘पाचदा का’ विचारायची पद्धत आहे. अहिराणीत ‘का’ला ‘काब्र’ म्हणतात, आणि मला तोच शब्द बरा वाटतो. ‘का केलंस?’ यात जाब विचारल्याचा वास येतो. ‘काब्र?’ आपली आजी विचारते, उत्तर ऐकायला.

आमच्या ११० मिनिटांचं असं झालं. गाडी काब्र थांबली? माल लाइनीला लागलेला नव्हता. काब्र? गोदामवाल्याला कुठल्या मार्क्याचे किती कट्टे काढायचे ते माहीत नव्हतं. काब्र? लोडिंगची चिठ्ठी ऑफिसातून साडेअकराला येते. काब्र? मुनीम साडेदहाला येतात आणि आधी तासभर रोजमेळ, म्हणजे रोकडीचा रोजचा हिशोब, मिळवतात. काब्र? कारण शेठ अकरा वाजता फोन करून कालची रोकड विचारतात, आणि ती तयार नसली तर बोलणी बसतात.

हमालांपासून निघालो आणि शेठच्या फोनवर पोचलो. असं पुष्कळदा होतं, मनाची तयारी ठेवा. ‘काब्र’ची साखळी जर ‘माणूस आळशी आहे’, ‘लक्ष देत नाही’, ‘शिकलेला नाही’ यावर थांबली, तर ती अर्धवट सोडलेली आहे असं समजा. लक्ष देत नाही, तर काब्र? त्या जागी तुम्ही उभे राहिलात तर तुमचंही लक्ष उडेल का?

पाच हा आकडा काही देवाने दिलेला नाही. तिसऱ्यालाच हाती लागेल, कधी सातव्याला. आणि कारणं एकाहून जास्त फाट्यांनी येत असतील तर काओरू इशिकावा यांचा माशाच्या काट्यासारखा आराखडा काढतात: डोक्याशी अडचण, काट्यांवर माणूस, मशीन, माल, पद्धत वगैरे. तो भिंतीवर छान दिसतो. मी तो फार क्वचित काढला आहे.

मध्येच एक गणित, पण ते टाळू नका

मुठीवाला पोरगा आठवतोय ना? त्याचं काय चुकत होतं हे समजल्याशिवाय पुढे जाऊ नका, कारण सुपरवायझर, मॅनेजर, शेठ सगळे रोज तेच करतात.

कुठल्याही कामात चढउतार असतो. मशीन, डाळीचा ओलावा, वीज, हात, सगळ्यांचा थोडाथोडा. हा ‘घरचा’ चढउतार. त्यातल्या एकेका आकड्यावर उपाय करत बसलं तर तो कमी होत नाही, वाढतो. दर कट्ट्याची पूर्ण चूक पुढच्यात उलटी घातली, तर वजनांचा पसारा हिशोबाने साधारण १.४ पट होतो. डेमिंग हे नरसाळ्यातून गोळी टाकून दाखवायचे: नरसाळं एका जागी ठेवलं तर गोळ्या एका ठिपक्याभोवती पडतात, दर गोळीनंतर नरसाळं सरकवून ‘सुधारणा’ केली की त्या दूरदूर पसरतात. काल उत्पादन घसरलं म्हणून आज सकाळी सगळ्यांना उभं करून झापणं हे नरसाळं सरकवणंच आहे.

दुसरा चढउतार ‘बाहेरचा’: पट्टा सैल झाला, नवा लॉट ओला आला, काट्याखाली डाळ अडकली. याच्यामागे मात्र लगेच धावायचं.

दोन्ही ओळखायचे कसे? चौकटीचा कागद घ्या. रोजचा आकडा, म्हणजे दिवसातल्या गाड्यांचा सरासरी वेळ, ठिपक्याने मांडा आणि जोडत जा. वीस-पंचवीस ठिपके झाले की बरोबर मध्ये आडवी रेघ मारा, अर्धे ठिपके वर, अर्धे खाली. पुढे सलग आठ ठिपके रेघेच्या एकाच बाजूला पडले तर काहीतरी खरंच बदललंय. नाणं आठदा उडवून आठही वेळा छापा पडण्याची शक्यता २५६ मध्ये एक. योगायोग म्हणून सोडून देण्याइतकी ती मोठी नाही. एखादा ठिपका इतरांपासून फार लांब पडला तरी त्याच दिवशी जाऊन विचारा. बाकीच्या ठिपक्यांवर कोणाला शाबासकीही नको आणि बोलणीही नकोत.

आपल्याकडे ऋतूचा फरक विसरू नका. मे महिन्यात जळगावचा पारा ४५च्या आसपास जातो तेव्हा उन्हात वाळायला घातलेला माल जितक्या लवकर वाळतो, तितका श्रावणात वाळणार नाही. मे आणि ऑगस्टचे आकडे शेजारी ठेवून ‘सुधारणा झाली’ किंवा ‘माणसं बिघडली’ म्हणणं चूक.

चौथं: छोटा प्रयोग

उपाय सापडला की लगेच सगळीकडे लावायचा मोह होतो. आवरा. एका लाइनीवर, एका पाळीत, एक आठवडा. फसला तर कोणाचं फार नुकसान नाही, आणि लोकांनाही ‘आठवडाभरच करायचंय’ म्हटलं की ते तयार होतात.

आम्ही ठरवलं ते असं: ज्या गाड्यांचा सौदा आदल्या दिवशी पक्का झालाय, त्यांची चिठ्ठी मुनिमांनी संध्याकाळी निघण्यापूर्वी गोदामाच्या फळ्यावर खडूने लिहायची. गाडी नंबर, मार्का, कट्टे. बस. गोदामवाल्याने सकाळी येताच त्या थप्प्या लाइनीला आणायच्या. शेठच्या फोनला हात लावला नाही, रोजमेळालाही नाही.

प्रयोगाआधी कागदावर एक वाक्य लिहायचं असतं: ‘असं केलं तर ११० मिनिटांची ४० होतील.’ अंदाज लिहिला नसेल तर शेवटी जे होईल ते यशच वाटतं. आमचा अंदाज चुकला. पहिल्या आठवड्यात थांबणं कमी झालं, पण चाळीसवर आलं नाही. रोज एक-दोन गाड्यांत मोठा घोळ व्हायचा. पुन्हा उभा राहिलो. रात्री दलालाचा फोन येऊन मार्का बदलायचा, आणि फळ्यावर जुनाच लिहिलेला असायचा. मग फळ्यावर चौथा रकाना आला: ‘बदल’, आणि तो लिहायचा हक्क गोदामवाल्याच्या फोनला. दलाल थेट त्यालाच कळवू लागले. मुनिमांना हे आवडलं नाही. दोन दिवस त्यांनी चहा माझ्यासोबत घेतला नाही. पण गाड्या सुटायला लागल्या.

डेमिंग उतारवयात ‘तपासा’ऐवजी ‘अभ्यास करा’ म्हणू लागले होते. कारण हेच. प्रयोग पास की नापास एवढंच बघितलं असतं तर पहिल्याच आठवड्यात आम्ही फळा पुसून टाकला असता.

पाचवं: रीत लिहून लावा, पण एकाच पानावर

प्रयोग जमला की ती रीत लिहून काढा. नाहीतर तुम्ही सुट्टीवर गेलात की सगळं पूर्ववत. एक पान, मोठी अक्षरं, दोन-तीन फोटो. हमालांत, मशीनवर परप्रांतीय पोरं बरीच असतात. फोटो सगळ्यांना वाचता येतो. पान कामाच्या जागी लावायचं, ऑफिसातल्या फाइलीत नाही. तारीख घाला आणि खाली जागा सोडा, म्हणजे ते बदलता येईल असं दिसेल. कट्ट्याच्या मशीनवर आमचं पान एवढंच होतं: दर अर्ध्या तासाला सलग पाच कट्टे वजन करा, पाचांची सरासरी ठरलेल्या मर्यादेबाहेर गेली तरच मूठ फिरवा, फिरवली तर वेळ लिहा.

ते पान कोणी लिहायचं? ज्याच्या हातून काम होतं त्याने. तुम्ही फक्त शुद्धलेखन बघा, तेही नाही बघितलं तरी चालेल.

ऑफिसात बसणाऱ्यांसाठी

पतसंस्थेत, शाळेच्या कार्यालयात मशीन नसतं, म्हणून लोकांना वाटतं हे आपल्याला लागू नाही. तिथे कट्ट्याच्या जागी कागद असतो. कर्जाचा अर्ज घ्या. फक्त एक गोष्ट मोजा: दहा अर्जांपैकी किती अर्ज एकदाही परत न जाता मंजुरीपर्यंत पोचले? हा आकडा पहिल्यांदा काढला की खोलीत शांतता पसरते. मग परत गेलेल्या प्रत्येक अर्जावर एका शब्दात कारण लिहा: सातबारा जुना, आठ-अ नाही, जामीनदाराची सही राहिली, फोटो. महिनाभरात रेघा बोलायला लागतील. बहुतेक वेळा निघतं की काय-काय लागतं हे सभासदाला पहिल्या फेरीत कोणी नीट सांगितलंच नव्हतं, आणि तीन टेबलांवर तीन वेगळ्या याद्या होत्या. आधी तीन याद्यांची एक करा. संगणक प्रणालीचं नंतर बघू; गोंधळ संगणकात भरला की तो फक्त लवकर होतो.

पाच ‘एस’, सूचनापेटी आणि प्रमाणपत्रं

पाच ‘एस’ म्हणजे नको ते काढा, हवं ते जागेवर मांडा, झाडून-पुसून ठेवा, त्याचा नियम करा, नियम पाळा. चांगली गोष्ट आहे. पण आपल्याकडे ती दिवाळीच्या साफसफाईसारखी होते: पाहुणे येणार म्हणून पिवळे पट्टे मारायचे आणि पाहुणे गेले की त्यावर थप्प्या लावायच्या. सुरुवात इथून करू नका. ज्या जागेवरचं काम सुधारताय तेवढीच जागा लावा. पाना शोधायला किती वेळ जातो हे घड्याळाने दाखवलं की पान्याचा आकार रंगवलेला फळा लोक स्वतःच मागतात.

सूचनापेटी मी तीन ठिकाणी पाहिली आहे. तिन्हींच्या कुलपाची किल्ली सापडत नव्हती, आणि एकीच्या फटीतून गुटख्याची पुडी दिसत होती. सूचना तोंडीच घ्या, फळ्यावर लिहा, पुढे सुचवणाऱ्याचं नाव, आणि आठवड्याच्या आत उत्तर: करतो, नाही करत, आणि काब्र. ‘नाही’ चालतं लोकांना. उत्तरच न येणं चालत नाही.

छोट्या उद्योगांसाठी केंद्र सरकारच्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग मंत्रालयाच्या दोन योजना आहेत: दर्जासाठी ‘झेड’, तिचे ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड असे टप्पे, आणि वाया जाणं कमी करण्यासाठी ‘लीन’, जी नव्या रूपात २०२३ मध्ये आली. दोन्हींना उद्यम नोंदणी लागते, आणि खर्चातला बराच वाटा सरकार उचलतं; चालू अटी त्यांच्या पोर्टलवर पाहून घ्या. जरूर करा. फक्त आधी तीन महिने स्वतःची वही भरलेली असू द्या, म्हणजे सल्लागार आला की तुम्ही त्याला प्रश्न विचाराल.

कधी हात घालू नये, आणि एक पथ्य

आखाजीच्या आठवड्यात प्रयोग लावू नका. अर्धी माणसं गावी, बहिणी-लेकी माहेरी, झोक्यांवर. तुरीची आवक जोरात असते त्या दिवसांतही नको. वही मात्र तेव्हाच भरा, कारण गर्दीतच रीतीच्या शिवणी उसवतात.

पथ्य एकच. सुधारणेतून वाचलेल्या वेळेपायी कोणाची रोजी जाता कामा नये. एकदा जरी असं झालं की पाच मिनिटं कुठे वाया जातात हे तुम्हाला पुढे कोणी सांगणार नाही, आणि त्यात त्यांचं काही चुकणारही नाही. आमच्याकडे गाड्या लवकर सुटायला लागल्यावर मुकादमाची टोळी दुपारनंतर शेजारच्या मिलमध्येही एक गाडी भरायला जाऊ लागली. शेठना ते सुरुवातीला रुचलं नाही. मी म्हटलं, त्यांच्या बसून राहण्याचे पैसे आपण कधी दिले होते?

बिलाच्या त्या ८० मिनिटांचं काय झालं, असं विचाराल. ती आता ३५ वर आहेत. भरल्या गाडीचं वजन मुनिमांकडे चिठ्ठीने जायचं, ते आता काट्यावरून फोटो काढून जातं. तेवढ्याने निम्म्याहून जास्त वेळ वाचला. उरलेली ३५ मिनिटं भाव पक्का करायच्या शेवटच्या फोनमध्ये जातात. तो फोन शेठ जेवायला बसतात त्याच वेळी येतो. सध्या वहीत दोन ‘काब्र’ झाले आहेत, तिसरा विचारायला ते जेवून उठायची वाट बघतोय.